फाइल लिहिली गेली की नाही, हे एजंटला कळणार कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दूरच्या सर्व्हरवर फाइल लिहिण्यासाठी तुम्ही एआय एजंटला, म्हणजे टूल्स वापरून आपणहून कामं करणाऱ्या प्रोग्रामला, एक टूल दिलंय. त्याचं चार पानी डॉक्युमेंटेशन आहे, प्रत्येक पॅरामीटरचा, म्हणजे टूलला द्यायच्या माहितीचा, तक्ता आहे. तरीही एजंट कधी भलत्याच फोल्डरमध्ये फाइल लिहितो, कधी आधीचा मजकूर पुसून टाकतो, आणि एकदा तर त्याच नोंदी फाइलमध्ये दोनदा घातल्या. आता आणखी काय काय लिहायला हवं आणि ते किती लांब असावं, असं तुम्ही विचारताय.

आणखी लिहू नका. आहे तेच वेगळ्या बाजूने लिहा. अशी टूल्स बनवणं आणि त्यांची वर्णनं लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, आणि तुमच्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. तुमचं डॉक्युमेंटेशन टूल काय करतं ते सांगतं. पण कॉल केल्यानंतर, म्हणजे एजंटने टूल वापरल्यानंतर, डिस्कवर काय उरलेलं असेल, हे त्यात कुठेच नाही. कॉल यशस्वी झाला तर काय उरेल, फसला तर काय, आणि उत्तरच आलं नाही तर काय? समोर स्क्रीन असलेला माणूस फोल्डर उघडून बघतो आणि मोकळा होतो. एजंटला तुमच्या शब्दांवरच विसंबावं लागतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. टूलचा कोड तुमच्या हातात असेल तर अर्धी कामं कोडमध्येच उरका आणि डॉक्युमेंटेशन छोटं ठेवा. कोड दुसऱ्याचा असेल तर सगळा भार शब्दांवर येतो. त्या फाइलींवर एकच एजंट लिहितो की अनेक, मध्ये माणसंही हात घालतात का, प्रत्येक कॉलला कोणी मंजुरी देतं का, यावरही बरंच ठरतं. मी पुढे धरून चालतोय की कोड तुमचा आहे आणि फाइलींना हात लावणारे एकाहून जास्त आहेत, कारण तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतं.

सगळ्यात आधी एक तपासा. ती चार पानं मॉडेलपर्यंत, म्हणजे एजंटमागे विचार करणाऱ्या एआयपर्यंत, पोचतात का? बहुतेक ठिकाणी मॉडेलला तीनच गोष्टी दिसतात: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा, म्हणजे कोणते पॅरामीटर कसे द्यायचे याचा आराखडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एआयला टूल्स जोडण्याच्या एमसीपी या प्रमाण पद्धतीमध्येही, सर्व्हर टूल्सची यादी देतो ती मुख्यतः याच स्वरूपात. विकीवरचं सुंदर पान माणसांसाठी आहे, ते मॉडेल आपणहून उघडत नाही. एका टीमला मी एका पानावरच्या वाक्यरचनेवरून दोन दिवस वाद घालताना पाहिलंय. मॉडेलला जाणारी विनंती जशीच्या तशी लॉगमध्ये काढली, तेव्हा त्या पानातला एक शब्दही तिच्यात नव्हता. तुम्हीही आधी ती कच्ची विनंती छापून घ्या आणि तेवढंच वाचून आपल्याला हे टूल नीट वापरता येईल का, हे स्वतःला विचारा.

आता आधीचा मजकूर पुसला जाण्याबद्दल. तुमच्या वर्णनात एकच वाक्य आहे: ‘दिलेल्या पाथवर फाइल लिहितं.’ (पाथ म्हणजे फाइलचा पत्ता.) मराठीत ‘लिहिणं’ म्हणजे वहीत लिहिण्यासारखं, आधीचं तसंच राहतं आणि आपण पुढे लिहितो. फाइलच्या बाबतीत मात्र ‘लिहिणं’ म्हणजे बहुधा जुनं काढून नवं ठेवणं. हा फरक तुम्हाला इतका सवयीचा झालाय की लिहायचंच राहून गेलं. मी त्या वाक्याच्या जागी असं काही लिहीन:

‘दूरच्या सर्व्हरवरच्या प्रोजेक्ट फोल्डरमध्ये मजकुराची फाइल लिहितं. स्थानिक डिस्कला हात लावत नाही. त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर तिचा सगळा मजकूर जातो आणि त्याजागी “कंटेंट”मधला मजकूर येतो. जुना मजकूर परत मिळत नाही. म्हणून “कंटेंट”मध्ये फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पूर्ण द्या. काही ओळीच बदलायच्या असतील तर हे टूल वापरू नका, “दूरची_फाइल_बदला” वापरा. पाथमधला एखादा फोल्डर नसेल तर तो तयार होत नाही, एरर येते आणि काहीही लिहिलं जात नाही.’

‘पूर्ण द्या’ हे वाक्य मी अनुभवाने शिकलो. एका प्रोजेक्टमध्ये सुमारे चारशे ओळींची कॉन्फिगरेशन फाइल होती. एजंटला तिच्यातली एक किंमत बदलायची होती. त्याने बदललेला भाग लिहिला आणि खाली कॉमेंट टाकली, ‘बाकीचा भाग पूर्वीप्रमाणेच’. माणसाला कोड दाखवताना आपण असंच लिहितो, मॉडेलही तेच वाचून शिकलेलं आहे. टूलने ते इमानेइतबारे डिस्कवर उतरवलं. फाइलमध्ये तीसेक ओळी आणि ती कॉमेंट उरली. वर्णनात एक वाक्य वाढवल्यावर हा प्रकार जवळजवळ थांबला. पूर्ण थांबला तो कोडमध्ये एक तपासणी घातल्यावर: नवा मजकूर जुन्याच्या अर्ध्याहून लहान असेल तर ‘लहान_झाली_तरी_चालेल’ असं स्पष्ट सांगितल्याशिवाय टूल लिहितच नाही. शब्दांनी शक्यता कमी होते, अडवायचं काम कोडनेच करावं लागतं. धोक्याच्या प्रत्येक बाबतीत मी हाच क्रम ठेवतो.

ओव्हरराइटचा, म्हणजे जुन्या मजकुरावर नवा लिहिण्याचा, पर्याय कसा ठेवायचा, यावर माझं मत ठाम आहे. खरं-खोटं असा पॅरामीटर ठेवून त्याची मूळ किंमत ‘खरं’ करू नका. त्याऐवजी ‘पद्धत’ नावाचा पॅरामीटर घ्या, त्याला तीनच किंमती द्या, ‘फक्त_नवी’, ‘बदलून_टाका’, ‘शेवटी_जोडा’, आणि तो देणं बंधनकारक करा. स्कीमातच इनम (ठरलेल्याच किंमती) आणि रिक्वायर्ड (देणं सक्तीचं) लावता येतं. मॉडेलला दर वेळी निवड करावी लागते आणि ती निवड कॉलमध्ये लेखी दिसते. मंजुरी देणाऱ्या माणसालाही ‘बदलून_टाका’ हा शब्द डोळ्यांसमोर येतो. ‘फक्त_नवी’साठी मात्र आधी फाइल आहे का बघून मग लिहू नका, त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा कोणी फाइल तयार करू शकतो. युनिक्स जातीच्या सिस्टिमवर फाइल उघडतानाच ओ_क्रिएट आणि ओ_एक्सक्ल हे दोन्ही फ्लॅग एकत्र दिले की तपासणी आणि निर्मिती एकाच झटक्यात होते.

भलत्या फोल्डरचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: पाथ कशाच्या सापेक्ष, ते कुठे लिहिलेलंच नसतं. रिमोट टूलमध्ये यावर आणखी एक गुंता चढतो. एजंटकडे अनेकदा स्थानिक फाइल लिहिण्याचंही टूल असतं. दोन्हींची नावं ‘फाइल_लिहा’च्या आसपास असली की तो एका ठिकाणी वाचतो आणि दुसऱ्या ठिकाणी लिहितो. म्हणून ‘दूरची’ किंवा ‘सर्व्हर’ हा शब्द टूलच्या नावातच हवा. पाथ पॅरामीटरच्या वर्णनात उदाहरण द्या: ‘प्रोजेक्टच्या मुळापासूनचा पाथ, सुरुवातीला तिरकी रेघ नको, जसं अहवाल/मार्च.टीएक्सटी.’ आणि उत्तरात फाइल प्रत्यक्षात जिथे लिहिली गेली तो पूर्ण पाथ परत द्या. चूक झाली असेल तर एजंटला ती पुढच्याच पायरीला दिसते.

पाथमधल्या दोन टिंबांनी वरच्या फोल्डरमध्ये चढणं किंवा सिमलिंकवरून, म्हणजे दुसऱ्या जागेकडे नेणाऱ्या दुव्यावरून, बाहेर पडणं, हे ‘करू नका’ असं लिहून थांबत नाही. एजंटने वाचलेल्या एखाद्या कागदपत्रातच कोणी तसं करायला सांगणारं वाक्य पेरलेलं असू शकतं. लिनक्सवर ५.६ आवृत्तीपासून ओपनअ‍ॅट२ या सिस्टिम कॉलला रिझॉल्व्ह_बिनीथ हा फ्लॅग मिळतो. ठरवलेल्या फोल्डरच्या बाहेर जाणारा पाथ कर्नलच, म्हणजे सिस्टिमचा गाभाच, नाकारतो. तसं काही वापरा. डॉक्युमेंटेशनमध्ये एवढंच पुरे: ‘प्रोजेक्ट फोल्डरच्या बाहेरचा पाथ नाकारला जातो.’

मराठी मजकूर हाताळत असाल तर दोन बारकावे पदरात पाडून घ्या. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, अक्षरांची नव्हे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलंतासकट, ३ बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपतं, आणि एजंटला लेखाचं अख्खं शीर्षक फाइलचं नाव म्हणून द्यायची हौस असते. दुसरा बारकावा ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ या शब्दांतल्या ‘ऱ’चा. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे येतो: स्वतःचा एक कोड, किंवा साधा ‘र’ आणि त्याला जोडलेला नुक्ता, म्हणजे खालचं टिंब. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे असतात. ओळ शोधून बदलणारं टूल अशा वेळी ‘मजकूर सापडला नाही’ म्हणतं, एजंट दोनदा प्रयत्न करतो आणि वैतागल्यासारखा संपूर्ण फाइलच नव्याने लिहून टाकतो. मी तुलना करण्याआधी दोन्ही बाजू एनएफसी या प्रमाण रूपात आणतो. तुम्ही तसं करत नसाल तर ‘मजकूर बाइटला बाइट जुळावा लागतो’ असं लिहा.

आता दोनदा नोंदी. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि जवळजवळ प्रत्येक डॉक्युमेंटेशनमधून तोच गळालेला असतो. आपण दोन निकाल लिहितो, यश आणि अपयश. दूरच्या टूलला तिसरा निकाल असतो: माहीत नाही. कॉल गेला, सर्व्हरने फाइल लिहिली, आणि उत्तर परत येताना कनेक्शन तुटलं. एजंटच्या हातात फक्त टाइमआउट, म्हणजे ‘वेळेत उत्तर आलं नाही’ एवढीच खबर, उरला. त्याच्या दृष्टीने हे अपयशच, म्हणून तो पुन्हा प्रयत्न करतो. ‘बदलून_टाका’मध्ये तोच मजकूर दोनदा गेला तरी बिघडत नाही. ‘शेवटी_जोडा’मध्ये बिघडतं. माझ्या एका कामात एजंट डेटाबेसमधल्या बदलांच्या फाइलला ओळी जोडत होता आणि त्या दिवशी डिस्क मंद चालत होती. दोन टाइमआउट आले, तिसऱ्या कॉलला यश मिळालं. त्याने अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं, ‘तिसऱ्या प्रयत्नात फाइल अद्ययावत झाली.’ फाइलमध्ये तेच टेबल तयार करण्याची आज्ञा तीनदा होती. एजंटची चूक काढायला जागा नव्हती, टाइमआउटचा अर्थ आम्हीच कुठे सांगितला नव्हता.

यावर तीन पातळ्यांवर काम करावं लागतं. पहिली पातळी, अर्धवट लेखन होऊच द्यायचं नाही. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहा, एफसिंक करा (मजकूर खरोखर डिस्कवर उतरवा), मग रिनेम करा (तिला मूळ फाइलचं नाव द्या). पॉझिक्स या युनिक्स जातीच्या सिस्टिमच्या प्रमाण नियमांनुसार रिनेम अखंड असतं: वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी फाइल दिसते किंवा पूर्ण नवी. तात्पुरती फाइल वेगळ्या फाइल सिस्टिमवर ठेवली तर रिनेम चालतच नाही, म्हणून ‘त्याच फोल्डरमध्ये’. हे केलंत की डॉक्युमेंटेशनमध्ये एक भक्कम वाक्य लिहिता येतं: ‘फाइल कधीही अर्धवट अवस्थेत राहत नाही.’ मग टाइमआउटनंतर शक्यता दोनच उरतात.

दुसरी पातळी, आवृत्तीची अट. फाइल वाचताना टूलने तिच्या मजकुराचा शा-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला आकडी ठसा, द्यावा आणि लिहिताना एजंटने तो ‘अपेक्षित_आवृत्ती’ म्हणून परत पाठवावा. दरम्यान कोणी फाइल बदलली असेल तर काहीही न लिहिता नकार द्यायचा. ही युक्ती नवी नाही. एचटीटीपीमध्ये, म्हणजे वेबच्या संवादपद्धतीत, इफ-मॅच हेडर आणि ४१२ हा स्टेटस कोड याच कामासाठी आहेत. ‘शेवटी_जोडा’लाही ही अट लावा, म्हणजे दुसरा प्रयत्न आपोआप अडतो. पण इथे एक खाच आहे. पहिला कॉल खरं तर यशस्वी झाला होता, फक्त उत्तर हरवलं होतं, अशा वेळी दुसऱ्या कॉलला ‘आवृत्ती जुळत नाही’ असं उत्तर येतं आणि एजंट गोंधळतो. त्याला वाटतं मध्ये कोणीतरी फाइल बदलली. हॅश तोंडी काढणं मॉडेलला जमत नाही, त्यामुळे ताडून बघायचं काम त्याच्यावर सोडू नका. प्रत्येक लेखनाला एजंटच्या बाजूच्या प्रोग्रामने एक क्रमांक द्यावा, सर्व्हरने तो लक्षात ठेवावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सरळ सांगावं: ‘हे लेखन आधीच झालेलं आहे. पुन्हा लिहिलं नाही.’

तिसरी पातळी शब्दांची. वर्णनात हे घाला: ‘टाइमआउट आला तर लेखन झालेलं असू शकतं. पुन्हा लिहिण्याआधी फाइल वाचून पाहा.’ दोनच वाक्यं आहेत, पण कोडला हात लावायची मुभा नसेल तर आजच्या आज हीच टाका. तुमच्या तीन तक्रारींपैकी सर्वाधिक नुकसान करणारी तक्रार त्यांनीच कमी होईल.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: नावात ‘दूरची’ हवं, पाथ कुठून मोजायचा ते हवं, आधी असलेल्या फाइलचं काय होतं ते हवं, आणि उत्तर न आल्यास काय समजायचं ते हवं. बाकी सगळं यानंतर.

एररचे संदेश हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग समजा. माझ्या मते तोच सर्वात नीट वाचला जाणारा भाग, कारण तो नेमका अडलेल्या क्षणी समोर येतो. ‘परवानगी नाकारली, कोड १३’ एवढंच आलं तर एजंट मार्ग शोधू लागतो: दुसरा फोल्डर, दुसरं नाव, तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर. भलत्या ठिकाणी सापडलेल्या तुमच्या काही फाइली अशाच जन्मल्या असतील, लॉग बघा. त्याऐवजी लिहा: ‘लिहिलं नाही. “कॉन्फिग” फोल्डर फक्त वाचण्यासाठी आहे. दुसरीकडे लिहून हे काम होणार नाही, वापरकर्त्याला विचारा.’ पहिले दोन शब्द नेहमी डिस्कची अवस्था सांगणारे ठेवा, ‘लिहिलं’ किंवा ‘लिहिलं नाही’. मग कारण, मग पुढची पायरी. जागा संपली असेल तर पुन्हा प्रयत्न व्यर्थ आहे हेही सांगा, नाहीतर तो करतच राहतो. एमसीपी वापरत असाल तर असे संदेश प्रोटोकॉलच्या एररमध्ये न टाकता टूलच्या निकालातच ‘इज-एरर’ खूण लावून पाठवा. प्रोटोकॉलची एरर बरेचदा एजंट चालवणारा प्रोग्रामच गिळतो आणि मॉडेलपर्यंत काही पोचत नाही.

एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून टूलला काही सूचक खुणाही लावता येतात: फक्त वाचणारं आहे का, विध्वंसक ठरू शकतं का, पुन्हा कॉल केला तर परिणाम तोच राहतो का. त्या खऱ्याखुऱ्या भरा. काहीच भरलं नाही तर टूल विध्वंसक आणि पुन्हा कॉल करायला असुरक्षित मानलं जातं, ते योग्यच आहे. मात्र या खुणा म्हणजे केवळ सूचना आहेत, त्यांच्यावर सुरक्षा उभी करता येत नाही. मला त्यांचा उपयोग वाटतो तो वेगळ्या कारणाने: ‘शेवटी_जोडा’ आणि ‘बदलून_टाका’ एकाच टूलमध्ये असतील तर पुनरावृत्तीच्या खुणेचं उत्तर प्रामाणिकपणे देता येत नाही. असं अडलात की टूलची दोन टूल्स करायची वेळ आली समजा. मी स्वतः आता जोडण्याचं टूल वेगळंच ठेवतो.

लांबीबद्दल विचारलंत. वर्णन प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातं, त्यामुळे प्रत्येक वाक्याला टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) लागतात आणि वीस टूल्स असतील तर ती एकमेकांचं लक्ष खातात. कॉल करण्याआधी माहीत असायलाच हवं तेवढंच वर्णनात ठेवा. चूक झाल्यावर कळलं तरी चालेल ते एररच्या संदेशात. कमाल आकार, एन्कोडिंग, ओळीचा शेवट कसा, हे पॅरामीटरच्या वर्णनात एकेका वाक्यात. सर्व्हर कसा लावायचा, लॉग कुठे जातात, चाव्या कशा बदलायच्या, ही तुमची चार पानं. ती माणसांसाठी जपून ठेवा, उपयोगाची आहेत. बायनरी फाइली बेस६४ मधून, म्हणजे साध्या अक्षरांत रूपांतर करून, घेत असाल तर मजकूर सुमारे एक तृतीयांशाने फुगतो हे लक्षात ठेवून मर्यादा कुठल्या आकाराला लागू होते, आधीच्या की नंतरच्या, ते लिहा.

नवं वर्णन चाललं की नाही, हे वाचून कळत नाही. मी दहाबारा छोटी कामं लिहून ठेवलीत: नसलेल्या फोल्डरमध्ये लिहायला सांगणं, मोठ्या फाइलमधला एक शब्द बदलायला सांगणं, फक्त वाचण्यासाठी असलेल्या जागी लिहायला सांगणं. वर्णनातलं एकच वाक्य बदलायचं, सगळी कामं कोऱ्या संभाषणात पुन्हा चालवायची आणि कॉल क्रमाने वाचायचे. एक चाचणी तुम्ही याच आठवड्यात करा. सर्व्हरला फाइल लिहू द्या, पण उत्तर मुद्दाम अडवा. मग एजंटचा पुढचा कॉल पाहा. तो वाचण्याचा असेल तर तुमचं वर्णन पोचलंय. लिहिण्याचा असेल तर टाइमआउटचं वाक्य वर्णनाच्या शेवटून उचलून वर, पहिल्या दोन ओळींत आणा आणि पुन्हा चालवून बघा.